नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

संपादक महोदय,

समलिंगी जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं आणि एकमेकांना नॉमिनी करता येतं, हे केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने 28 ऑगस्ट 2024 रोजी स्पष्ट केलं. तेव्हापासून 'चला, काळजी मिटली' असं सल्ल्याला येणारे सहज बोलून जातात. मिटलेली नाही. बँक नॉमिनीच्या हाती पैसे देते ती स्वतः मोकळी होण्यासाठी. मालक कोण, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 ला हेच सांगितलं.

आणि वारसा कायद्यात हा जोडीदार कुठेच नाही, कारण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. अविवाहित, मूलबाळ नसलेल्या हिंदू स्त्रीची स्वकष्टार्जित मिळकत आई-वडिलांकडे जाते, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे. म्हणजे टिळकनगरातल्या फ्लॅटचे हप्ते दोघींनी भरले, पण रजिस्ट्री एकीच्याच नावावर असली, तर तिच्या पश्चात भाऊ-पुतणे दारात येतात आणि कायदा त्यांच्याच बाजूने बोलतो.

म्हणून मृत्युपत्र करावं, दोघांनी वेगवेगळं. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. सही दोन साक्षीदारांसमोर करावी. ते शक्यतो वयाने लहान असावेत. वाद झाला तर निदान एकाला कोर्टात उभं राहावं लागतं आणि बरोबरीचे मित्र तोवर असतीलच असं नाही. ज्याला मिळकत द्यायची त्यालाच साक्षीदार करू नये. 'माझी मैत्रीण' असं मोघम न लिहिता पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पत्ता घालावा. खाती, लॉकर, घर लिहून झाल्यावर 'याखेरीज जे काही असेल ते सर्व' ही ओळ हवीच. ती राहिली की विसरलेल्या एका एफडीवरून भांडण सुरू होतं. नोंदणी सक्तीची नाही, पण घरचे नाराज असतील तर उपपंजीयक कार्यालयात जाऊन ती करून टाकावी.

अमेरिकेने डिसेंबर 2022 मध्ये समलिंगी आणि आंतरवंशीय, दोन्ही विवाहांना एकाच कायद्याने संरक्षण दिलं. आपल्याकडे यांतल्या दुसऱ्या, म्हणजे आंतरवंशीय जोडप्यांची वाट बरीच मोकळी आहे. 1928 मध्ये तुकोजीराव होळकरांशी (तिसरे) लग्न करायला नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीला आधी हिंदू व्हावं लागलं होतं. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात धर्म आणि नागरिकत्व दोन्ही आड येत नाहीत. अडतं ते तारखांत. दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात नोटिशीआधी 30 दिवस मुक्काम हवा, मग हरकतींसाठी आणखी 30 दिवस. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर नोटीस बाद. परदेशी जोडीदाराचा अविवाहित असल्याचा दाखला उशिरा येतो किंवा व्हिसा मध्येच संपतो, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. दाखला हातात आल्यावरच नोटीस द्यावी.

— दिवाणी काम पाहणारे दोन वकील, इंदूर