काकांचे वर्कशॉप हलवायचे आहे : सभासद आणि सायकलप्रेमींना कळकळीचे आवाहन

सर्व सभासद, आजवरचे देणगीदार व हितचिंतक यांना सप्रेम नमस्कार, वि. वि.

नाशिकच्या मखमलाबाद रोडवरचे काकांचे बैठे घर पुनर्विकासाला जात आहे, हे एव्हाना बहुतेकांच्या कानावर आलेच असेल. भावाभावांत सगळे गोडीगुलाबीने झाले, त्याबद्दल कोणाचे काही म्हणणे नाही. पण घराबरोबर मागची पत्र्याची शेडही जाणार, आणि ती शेड म्हणजेच आपले सायकल दुरुस्ती केंद्र. ३१ मेपर्यंत जागा मोकळी करून द्यायची आहे. मुदत एकदा वाढवून मिळाली. दुसऱ्यांदा मागायला काका तयार नाहीत. त्यांची स्वतःची सोय मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर झाली आहे. तिथे सायकली, व्हाइस आणि कॉम्प्रेसर चढवता येणार नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

कार्यकारिणीत एकमताने ठरले की केंद्र बंद पडू द्यायचे नाही. पेठ रोडला गाळा पाहिला आहे. आता पैशांसाठी आपल्यापुढे झोळी पसरायची वेळ आली आहे.

काकांनी नाव छापायचे नाही अशी तंबी दिली आहे. "माझं नाव टाकलंस तर पान्हे उचलून घरी जाईन," हे त्यांचे शब्द, आणि ते तसे करायला कमी करणार नाहीत. त्यामुळे या पत्रात त्यांचे नाव नाही. जुन्यांना ओळख करून द्यायलाही नको. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आलेली मंडळी त्यांना नुसते 'पंक्चरवाले काका' म्हणून ओळखतात, हे कळल्यावर मला राहवेना. अध्यक्ष म्हणाले, थोडक्यात आटपा. बघू.

काका सातपूरला फिटर होते. पंचवटीतून सातपूर, तिन्ही पाळ्या, सायकलवर. बरोबरच्यांनी लुना घेतल्या, मग स्कूटर, मग हप्त्यावर गाड्या. काकांनी फक्त चेन आणि फ्रीव्हील बदलले. सुटीच्या दिवशी रामकुंडावरून अंधारात निघायचे, त्र्यंबकला कुशावर्तावर हात-पाय धुवायचे आणि जेवायला घरी परतायचे, हा त्यांचा शिरस्ता. त्याला राइड म्हणतात हे त्यांना पुढे आपणच सांगितले. गिरणाऱ्यावरून वाघेरा घाटाने हरसूल, दिंडोरी रोडने वणी, सावळघाट चढून पेठ, घोटीकडून वैतरणेचे पाणी, रामशेजच्या पायथ्याच्या गाडीवाटा, गंगापूर धरणाच्या फुगवट्याकडेच्या पायवाटा – यातला एकही रस्ता आपण शोधलेला नाही. सगळे त्यांच्या वहीतून आले. ती वही शेडमध्ये अजून आहे, ग्रीसच्या बोटांनी काळी झालेली. एका पानावर लिहिले आहे : "घाट उतरताना तिसरे वळण, खडी. डावीकडे हापसा, पाणी गोड. पुढच्या वस्तीवर कुत्री, उतरून चालणे." आपल्या पोरांकडे मोबाइलवर नकाशे असतात, पण हापसा कुठे आणि कुत्री कुठे हे अजून काकांनाच विचारावे लागते.

अंजनेरीला जायचे म्हटले की सायकली पायथ्याशी लावून वर चालतच जायचे, हा नियम त्यांचाच. वरच्या पठारावर पावसाळ्यात ते इवलेसे कंदीलपुष्प फुलते, सेरोपेजिया अंजनेरिका, ज्याच्या नावातच अंजनेरी आहे. त्यावर कोणाचा बूट पडू नये म्हणून हा माणूस पुढे चालायचा आणि मागच्यांना ओरडायचा. थंडीत नांदूरमध्यमेश्वरची फेरीही त्यांनीच सुरू केली. २०२० मध्ये त्या पाणथळीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिला, आणि मग सगळे तिकडे लोटले. काका त्याच्या कितीतरी आधीपासून निफाडच्या त्या मरणाच्या गारठ्यात शाळेच्या पोरांना घेऊन जात. बदके दिसायच्या आधी बोटे बधिर व्हायची.

२०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पार करायची सायकल शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली आणि गावात सायकलचे वारे शिरले. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली, असे करणारे ते पहिले भारतीय. सुमारे ४,८०० किलोमीटर! कॉलेज रोडला कार्बनच्या सायकली दिसू लागल्या त्या तेव्हापासून. आपली सभासदसंख्या वाढली तीही तेव्हाच, हे मान्य करायला हरकत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास, असे ब्रेव्हेचे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब फेऱ्यांचे, हिशेब पोरे तोंडपाठ म्हणू लागली. काकांनीही साठी उलटल्यावर एकाच मोसमात २००, ३००, ४०० आणि ६०० करून सुपर रँदोनर हा किताब घेतला. मेडल कुठे आहे ? शेडमध्ये, ज्या खिळ्याला चेन कटर असतो त्याच खिळ्याला.

त्यानंतर मात्र ते स्वतः फारसे उतरले नाहीत. चांदवडच्या पुढे, राहुड घाटाच्या अलीकडे, रात्रभर स्टोव्ह पेटवून ब्रेव्हेच्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर, बसायचे. येणाऱ्याच्या कार्डावर शिक्का, हातात चहा, आणि त्याने न सांगताच त्याच्या मागच्या टायरला अंगठा दाबून हवा बघणे. पंढरीच्या सायकल वारीत ते कायम सर्वांत शेवटी असतात. शेवटच्या वारकऱ्याची सायकल चालू राहिली पाहिजे, मग स्वतःला मुक्कामाला पोहोचायला कितीही उशीर होवो.

आता केंद्राबद्दल. मानव विकास कार्यक्रमातून आदिवासी तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. योजना चांगली आहे. पण पेठ, सुरगाणा, हरसूल भागातल्या रस्त्यांवर एका पावसाळ्यात सायकलचे काय होते हे आपण पाहिले आहे. चेन गंजते, ब्रेकची रबरे झिजतात, कॉटरची पाचर सैल होऊन क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, हलायला लागतो. दुरुस्तीचे दुकान बाजाराच्या गावी, तिथवर सायकल ढकलत न्यायची आणि बाप मजुरीला द्राक्षाच्या बागेत गेलेला. मग ती सायकल पडवीत कोंबड्या बसायच्या कामी येते आणि मुलगी पुन्हा पायी. वाघेऱ्याच्या पुढे अशीच एक मुलगी चेन हातात घेऊन चालताना काकांना भेटली. कडी जोडून द्यायला कितीसा वेळ लागतो ? पण त्या दिवसापासून काका खोगीरपिशवीत पान्ह्यांबरोबर चेनच्या सुट्या कड्या, ट्यूबा आणि कॉटर भरून निघू लागले. पुढे शाळांनी बोलावणे सुरू केले. मग आपण जुन्या सायकली गोळा करून, दुरुस्त करून, जिथे सरकारी सायकल पोहोचली नाही तिथे द्यायला लागलो. केंद्र असे उभे राहिले. त्यासाठी कोणी ठराव केला नव्हता.

ज्यांनी हे काम पाहिले नाही त्यांनी एकदा चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना बघायला यावे. काका चाक उलट्या चिमट्यात अडकवतात, फिरवतात आणि रिमजवळ खडू धरतात. जिथे रिम बाहेर आली आहे तिथे पांढरा ओरखडा उमटतो. मग त्याच्या विरुद्ध बाजूची तार पाव फेरा कसायची, अलीकडची तेवढीच सैल करायची, पुन्हा फिरवायचे. खडू कुठेच घासेनासा झाला की चाक तयार. आठवीतल्या एका मुलीने हे शिकून घेतले आणि तिच्या शाळेतल्या सायकली आता आपल्याकडे फारशा येतच नाहीत. माझ्या मते आपल्या मंडळाने केलेली सर्वांत मोठी कामगिरी ती आहे. आपण मात्र अहवालात तिला अर्धी ओळ दिली.

हे सगळे ज्यांच्यामुळे चालले त्यांचे ऋण मानल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. नाशिकरोडच्या निवृत्त बाईंनी पेन्शनमधून पहिले ५,००० रुपये दिले, तेव्हा मंडळाचे बँकेत खातेही नव्हते. पाकीट काकूंनी डाळीच्या डब्यात ठेवले होते. अंबडच्या कारखानदार बंधूंनी कॉम्प्रेसर आणि व्हाइस दिली, वर स्वतः येऊन बसवून दिली. भद्रकालीतले भंगारवाले दादा चांगली फ्रेम दिसली की तोडत नाहीत, बाजूला ठेवून फोन करतात, आणि किलोच्या भावापेक्षा एक पैसा जास्त घेत नाहीत. दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांचा टेम्पो तर आपण आपलाच समजतो. ऐन हंगामात, माल भरायच्या दिवसांतसुद्धा त्यांनी एक रविवार आपल्यासाठी सोडला. मिसळवाले भाऊ दर फेरीनंतर अख्ख्या गटाला खाऊ घालतात आणि बिलात तर्री धरत नाहीत. यांतल्या एकानेही पाटी लावा म्हटले नाही, फोटो मागितला नाही.

आता थोडे कडू. मागच्या दिवाळीत टायर-ट्यूबसाठी आवाहन केले तेव्हा ग्रुपवर जोडलेल्या हातांची आणि अंगठ्यांची नुसती रांग लागली. खात्यात आले ते बहुतेक वर सांगितलेल्या त्याच घरांतून. त्याच आठवड्यात नव्या जर्सीचे पैसे संध्याकाळच्या आत जमा झाले. जर्सी छान आहे, मीही घेतली आहे. पण हे लक्षात राहिले. एका मोठ्या उद्योगाने मदतीबद्दल बोलायला बोलावले आणि पहिला प्रश्न विचारला, बॅनर किती फुटी लावणार. एका कार्यालयाने रिकामी खोली देतो असा शब्द दिला होता. चकरा मारून चपला झिजल्या, आता सिंहस्थाची कामे आटोपल्यावर या म्हणतात. काका यावर चकार शब्द बोलत नाहीत. मी बोलतो, कारण पत्र मला लिहायचे आहे.

गरज अशी : पेठ रोडला मार्केट यार्डाच्या पुढे गाळा ठरला आहे, अनामत ५०,०००, भाडे महिना ९,००० प्रमाणे ११ महिन्यांचे ९९,०००, मांडण्या, वीज आणि हलवाहलव १६,०००, जूनसाठी टायर, ट्यूब, चेन, ब्रेक रबर, केबल, छर्रे मिळून ६०,०००, एकूण २,२५,०००. आजपर्यंत जमले ६२,०००. राहिले १,६३,०००. एका सायकलला साधारण हजार-बाराशे रुपये लागतात, त्या हिशेबाने एका सायकलचे दिले तरी चालेल. खाते क्रमांक आणि क्यूआर ग्रुपवर वर टाकले आहेत. पैसे पाठवल्यावर कोषाध्यक्षांना नावानिशी कळवावे, नाहीतर पावती कोणाच्या नावाने फाडायची हे कळत नाही. आयकर सवलतीचे प्रमाणपत्र आपल्याकडे नाही, ते आधीच सांगतो, कारण मागे काहीजण त्यावरून मागे सरले. अनामत १५ मेपूर्वी भरायची आहे.

सायकली द्यायच्या असतील तर २४ आणि २६ इंची साध्या सायकली सर्वांत उपयोगी. गिअरची दिलीत तरी घेऊ, पण ती गावात देत नाही. चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेल्युअर वाकला तर तिथे कोण बघणार? ती विकून सुटे भाग आणतो. तीनचाकी आणि फ्रेम चिरलेल्या आणू नयेत. सायकली शेडवर फक्त रविवारी ८ ते १२, इतर दिवशी काका झोपलेले असले तरी उठून घेतात, तेव्हा कृपा करून येऊ नये.

ज्यांना पैसे शक्य नाहीत त्यांनी हात द्यावेत. मे महिन्यातले सगळे रविवार सामान बांधायचे आहे. रॉकेलमध्ये बेअरिंग धुवायला काही शिकावे लागत नाही. ३ जूनला, जागतिक सायकल दिनी, नव्या गाळ्यात पहिली सायकल उभी करायचा विचार आहे आणि शाळा उघडायच्या आत पेठकडची पहिली खेप निघायला हवी. उद्घाटनाला कोणी पाहुणे बोलावलेले नाहीत. मिसळ आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. : शेडमधला उभा पंप, लाकडी दांड्याचा, मागच्या त्र्यंबक फेरीला कोणीतरी नेला तो परत आलेला नाही. ज्याच्याकडे असेल त्याने गुपचूप शेडच्या दारात ठेवून जावे, कोणी काही विचारणार नाही.