अडतीस खोल्या आणि एक कप चहा

प्रिय आत्याबाई,

तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही म्हणता, "देवाचे मान, आणि मला जरा मेथी निवडून दे." म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. इथे मला मेथी निवडायला बसवता येणार नाही.

लग्न करून नगरहून पुण्याला आले तेव्हा माझ्या बॅगेत बाबांनी दिलेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, होतं आणि मनात धास्ती होती. आमचं माहेर अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचं. रविवारची उपासना, नारायण वामन टिळकांची गीतं, आणि व्यासपीठावर पुस्तक एकच. तुमचं घर ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथातलं. शुक्रवारी दिवेलागणीला शब्बाथ, विसाव्याचा दिवस, लागायचा, शनिवारी मंडळी भरायची. कपाटात शास्त्राच्या शेजारी एलन व्हाईट यांच्या पुस्तकांची रांगच होती. त्यांना देवाकडून दर्शनं होत, असं तुमचा पंथ मानतो. निघताना बाबा एवढंच म्हणाले, "प्रकटीकरणाचा शेवटचा अध्याय लक्षात ठेव." बायबलच्या या शेवटच्या पुस्तकात जो भर घालील त्याच्यावर पीडा येतील, तो इशारा. सासरी जाणाऱ्या मुलीला बाप दुसरं काही सांगतो, माझ्या बापाने हे सांगितलं!

पहिली दोन वर्षं बाबांचंच खरं वाटत होतं. एलन व्हाईट कोण हे मला कुणी नीट सांगितलंच नाही. फक्त "त्यांनी लिहिलंय" एवढं ऐकू यायचं. चहा का नाही? त्यांनी लिहिलंय. मसाला कमी का? त्यांनी लिहिलंय. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी तर माझ्या बांगड्यांवरही तेच ऐकवलं, तेही सगळ्यांच्या देखत. मी घरी येऊन रडले. तेव्हा तुम्ही विचारलंत, "कुठल्या पानावर लिहिलंय, ते विचारलंस का?"

मी नाही म्हटलं.

"मग अर्धी चूक तुझीही. ज्याला पान सांगता येत नाही त्याचं ऐकून रडायचं कशाला?"

नंतरच्या महिन्यात बाबा आले. बिनचहाचं घर हे त्यांना माहीतच नव्हतं. गवती चहाचा काढा समोर आला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तुम्ही काही न बोलता शेजारच्या काकूंकडून वाटीभर चहापावडर आणलीत आणि आलं घालून चांगला उकळलेला चहा व्याह्यांपुढे ठेवलात. घरात कुजबुज झाली तेव्हा तुमचं उत्तर तयार होतं: "रोमकरांस चौदावा अध्याय वाचा, खाण्यावरून कुणाला दोष लावू नका म्हणतो. तो एलन व्हाईटच्या आधीचा आहे." बाबा ते ऐकून गार. त्या चहानंतर तुम्हा दोघांचा वाद सुरू झाला, तो आजतागायत चालू आहे. दोघांनाही त्याची गोडी लागलीय, हे तुम्ही कबूल करणार नाही.

बाबांनी प्रकटीकरण काढलं. तुम्ही जुन्या करारातलं अनुवाद हे पुस्तक काढलंत, अध्याय चार, वचन दोन. तिथेही मोशे म्हणतो, मी सांगतो त्यात अधिकउणे करू नका. "त्या वचनाने दार बंद झालं म्हणायचं, तर स्तोत्रं, यशया, चारही शुभवर्तमानं कुठे ठेवायची?" बाबा म्हणाले, या न्यायाने कुणीही उठून दर्शन झालं म्हणेल. मला वाटलं आता तुम्ही चिडणार. पण तुम्ही म्हणालात, "म्हणेलच. म्हणून तर पौल थेस्सलनीकाकरांना एका दमात दोन्ही सांगतो, संदेशांचा धिक्कार करू नका आणि सगळ्याची पारख करा. तुम्ही लोक पहिलं विसरता, आमचे लोक दुसरं."

तुमचं हे वाक्य मी पदराला गाठ मारून ठेवलंय.

एलन व्हाईटची सगळी गोष्ट मी तुमच्याकडूनच ऐकली. १८२७ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात जन्मलेली मुलगी. नवव्या वर्षी तोंडावर दगड बसला, शाळा सुटली. विल्यम मिलरने दानीएलाच्या पुस्तकावरून हिशेब मांडला होता, त्यानुसार २२ ऑक्टोबर १८४४ ला ख्रिस्त येईल म्हणून हजारो लोक वाट पाहत बसले, आणि तो आला नाही. त्या मोडून पडलेल्या माणसांत, दोन महिन्यांनी, सतरा वर्षांच्या या मुलीला पहिलं दर्शन झालं. तुम्ही हे सांगताना आवाज चढवत नव्हता. शेजारच्या मुलीबद्दल बोलावं तसं बोलायचात. १८६३ मध्ये आरोग्याविषयी दर्शन झालं, पण मांस कायमचं सुटायला तिला स्वतःला १८९४ उजाडावं लागलं, हेही तुम्हीच हसत सांगितलंत. बांगड्यांवर बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे कधी सांगितलं असतं का?

अडतीस खोल्यांची गोष्ट तर मी मुलांनाही सांगते. कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज व्हॅलीच्या आरोग्यधामात चाळीस खोल्या आहेत, असं तिने लिहिलं. निघाल्या अडतीस. एका माणसाचा तेवढ्यावरून विश्वास डळमळला. १९०९ मध्ये तिने उत्तर दिलं, की खोल्यांची संख्या हे काही प्रभूकडून आलेलं प्रकटीकरण नव्हतं, माणसाचा साधा अंदाज होता. तुम्ही लगेच दुसरं शमुवेल सात उघडलंत. दावीद म्हणतो मंदिर बांधू का, नाथान म्हणतो बांध, आणि त्याच रात्री देव नाथानाला परत पाठवतो: नको म्हणून सांग. "नाथानाने संदेष्टेपण सोडलं का? सकाळी जाऊन चूक दुरुस्त केली."

तरी माझी खरी परीक्षा पुढे होती. मुलगा लहान असताना रात्री जागून मी एलन व्हाईटच्या लिखाणातल्या उसनवारीबद्दल वाचलं. १९८० च्या दशकात मंडळीनेच फ्रेड वेल्टमन या अभ्यासकाकडून ख्रिस्तचरित्रावरच्या तिच्या ग्रंथाची पंधरा प्रकरणं तपासून घेतली. त्यांतल्या सुमारे ३१ टक्के वाक्यांवर इतर लेखकांची कमीजास्त छाया दिसली. मला फसवल्यासारखं झालं. पुस्तक पिशवीत घालून तुमच्याकडे आले आणि टेबलावर आपटलं. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "मला माहीत आहे."

एवढंच. मग लूक सांगितलात, त्यानेही आधीची वृत्तं तपासून लिहिलं. मी म्हटलं, लूक ते पहिल्याच ओळींत कबूल करतो. त्यावर तुम्ही १८८८ च्या तिच्या इतिहासग्रंथाची प्रस्तावना दाखवलीत, तिथे तिनेही इतिहासकारांचे शब्द घेतल्याचं आणि दरवेळी नाव न दिल्याचं लिहिलंय. "पण ख्रिस्तचरित्रात नाही ना लिहिलं?" मी विचारलं. तुम्ही बराच वेळ गप्प राहिलात. मग म्हणालात, "नाही. लिहायला हवं होतं."

आत्याबाई, त्या चार शब्दांसाठी हे पत्र आहे. तुम्ही त्या दिवशी तिची वकिली केली असती, तर मी ती सगळी रांग कायमची बंद केली असती, आणि कदाचित शास्त्रही. तुम्ही तिला माणूस राहू दिलंत, म्हणून मला तिचं ऐकता आलं.

बाबा विचारायचे, मग मॉर्मन लोकांत आणि तुमच्यात फरक काय? तुम्ही सांगितलंत: १८३० मध्ये छापलेलं 'मॉर्मनचं पुस्तक' त्यांच्यासाठी शास्त्र आहे, बायबलच्या बरोबरीचं. आमच्या अठ्ठावीस मूलभूत तत्त्वांत पहिलं शास्त्राचं आहे आणि तिचं लिखाणही त्याच शास्त्राने तपासायचं, असा नियम. ती स्वतः म्हणते, लोक बायबलकडे लक्ष देईनात म्हणून प्रभूने मोठ्या ज्योतीकडे नेणारी ही लहान ज्योती दिली. मी खवचटपणे म्हटलं होतं, सूर्य बघायला कंदील कशाला? तुम्ही म्हणालात, "पहाटे पाणी धरायला शेतात जाताना कंदील लागतो गं. उजाडलं की फुंकर मारायची. आमच्यातले काही भर दुपारी कंदील धरून बसतात, तो कंदिलाचा दोष नाही."

टिळकांच्या अभंगाने माझ्या डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा देव आजही बोलतो हे तू मानतेसच, असं तुम्ही एकदा म्हणालात. ते मला पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही. टिळकांचे अभंग मी "मला दाखवलं गेलं" या दाव्यावर गात नाही. दर्शनाचा दावा करणाऱ्याला कसोटी कडक हवी. हा वाद आपल्यात शिल्लक आहे, राहू दे.

तुम्ही मला दिलेल्या तिच्या छोट्या पुस्तकात, ख्रिस्ताकडे नेणाऱ्या पायऱ्यांवरच्या, प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलने शास्त्रातलं वचन लिहिलंय. जिथे सापडलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. मी मोजली, अकरा प्रश्नचिन्हं आहेत. त्यांतल्या चारांना मी वचनं शोधलीत. एक कदाचित तुम्हाला पटणार नाही.

आता तुम्हाला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून शुक्रवारी मी वाचते आणि तुम्ही डोळे मिटून ऐकता. आधी शास्त्र, मग वेळ उरला तर ती. क्रम तुम्हीच लावून दिलाय.

या शुक्रवारी अंधार पडायच्या आत येते. बाबाही येतायत. त्यांनी नगरला कुंडीत गवती चहा लावलाय, त्याची जुडी तुमच्यासाठी आणतायत. चहापावडर मी आणते.

तुमची,
नगरची सून