हातातले कसब कंपनीचे गुपित नव्हे

मा. संपादक,

व्यापारी गुपितांवरून कंपन्या एकमेकींना न्यायालयात खेचतात, तेव्हा बातमी भरपाईच्या आकड्याची होते. ज्या कामगारावरून वाद पेटला त्याचे पुढे काय झाले, हे सहसा कुणी विचारत नाही.

आपल्याकडचा सर्वांत परिचित खटला कल्याणचा आहे. तेथील रेयॉन कारखान्यात टायरसाठी लागणारा धागा तयार होत असे आणि त्याचे तंत्र परदेशी कंपन्यांकडून गोपनीयतेच्या अटीवर मिळालेले होते. १९६३ मध्ये पाच वर्षांच्या करारावर लागलेला एक शिफ्ट सुपरवायझर पुढच्याच वर्षी जास्त पगारावर राजस्थानातील कोटा येथील स्पर्धक कारखान्यात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये त्याच्यावरील स्पर्धकाकडे काम करण्याची मनाई कायम ठेवली, पण ती त्या पाच वर्षांच्या मुदतीपुरतीच होती. नियुक्तिपत्रात आजही नोकरी सोडल्यावर दोन-दोन वर्षे स्पर्धकाकडे जायचे नाही, अशी अट सर्रास घातली जाते. कामधंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरवणारे १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ पाहता अशी अट सहसा टिकत नाही, हे सही करणाऱ्या मुलाला कोण सांगणार?

ही अट टिकत नाही म्हणूनच गुपित चोरल्याचा आरोप पुढे येतो. माझ्या हाताखाली तयार झालेल्या एका मोल्डिंग सेटरने नोकरी बदलताच जुन्या कंपनीची वकिली नोटीस आली. साचा किती तापवायचा, दाब किती ठेवायचा, माल किती वेळ थंड होऊ द्यायचा, हे त्याला अनेक वर्षे मशीनपाशी उभे राहून उमगले होते. त्याने एक कागदही बाहेर नेला नव्हता. प्रकरण न्यायालयात गेलेच नाही, कारण नव्या कंपनीने घाबरून त्याला आधीच काढून टाकले. आठ महिने तो घरी बसून होता.

ड्रॉइंग, रासायनिक सूत्र किंवा ग्राहकांची यादी पेनड्राइव्हमध्ये भरून नेणे ही चोरीच आहे आणि तिला शिक्षा व्हायलाच हवी, याबद्दल माझे दुमत नाही. आपल्याकडे या विषयाचा स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात त्याचा मसुदा सुचवला आहे. त्यावरून कायदा होईल तेव्हा नेमकी कोणती माहिती गुपित आहे आणि ती जपण्यासाठी आपण काय केले, हे दाखवण्याचा भार कंपनीवर असावा. ती माहिती गुपित असल्याचे कामगाराला कामावर असतानाच लेखी कळवलेले असावे. आणि पोकळ नोटिशीमुळे बुडालेला पगार नोटीस देणाऱ्याकडून वसूल व्हावा. कारखान्यातल्या घातक रसायनांविषयी तक्रार करणाऱ्यावर गुपित फोडल्याचा आरोप ठेवता येऊ नये, हेही त्यात स्पष्ट लिहावे.

विधेयक संसदेत येण्यापूर्वी केंद्र सरकारने कामगार संघटनांना चर्चेला बोलवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त टूलरूम कर्मचारी, चिंचवड