केरळातल्या चर्चवादाची दुसरी बाजू

महोदय,

केरळातल्या ऑर्थोडॉक्स आणि जॅकोबाइट ख्रिस्ती गटांच्या वादाची छोटीशी बातमी आपल्या दैनिकात आतल्या पानावर वाचली. चर्चच्या ताब्यावरून दोन गटांत तणाव, पोलीस बंदोबस्त, एवढंच तिच्यात होतं. मी मूळचा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी आमच्याकडची कितीतरी कुटुंबं देशभर पांगली, त्यांतलंच आमचं एक. एर्नाकुलम जिल्ह्यात आमची भट्टी आहे, मुलं इथेच शिकली, आणि शेजारपाजार बहुतेक जॅकोबाइट आहे. या माणसांची ओळख मराठी वाचकाला केवळ भांडणाच्या बातमीतून व्हावी, हे मला बरं वाटलं नाही.

संत थॉमस इ. स. 52 मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरले, अशी दोन्ही गटांची श्रद्धा आहे. 1653 मध्ये कोचीतल्या मट्टांचेरीला क्रुसाची शपथ घेऊन पोर्तुगीज जेझुइट पाद्रींचा अंमल झुगारणारे पूर्वजही दोघांचे एकच. त्यानंतर अंत्युखियाच्या (अँटिऑकच्या) सिरियन पॅट्रिआर्कशी, म्हणजे तिकडच्या सर्वोच्च धर्मगुरूंशी, नातं जुळलं. 1912 मध्ये इथे स्वतंत्र कॅथोलिकोसपद, म्हणजे इथल्या धर्मप्रमुखाचं पद, स्थापन झालं आणि चर्च दुभंगलं. 1958 साली समेट झाला. 1964 मध्ये पॅट्रिआर्कनी स्वतः केरळात येऊन कॅथोलिकोसचा पट्टाभिषेक केला, पण सत्तरच्या दशकात सगळं पुन्हा फाटलं. ज्यांनी पॅट्रिआर्कला सोडलं नाही ते जॅकोबाइट. 3 जुलै 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की 1,064 चर्चचा कारभार चर्चच्याच 1934 च्या घटनेप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, चालेल. कुणाला बाहेर पडायचं असेल तर पडावं, चर्चची मालमत्ता मात्र बरोबर नेता येणार नाही. ही घटना ऑर्थोडॉक्स गट मानतो, म्हणून त्यांचे पाद्री पोलिसांच्या सोबतीने एकेका चर्चमध्ये येऊ लागले. 2019 मध्ये पिरवमच्या मोठ्या चर्चमधून पोलिसांनी जॅकोबाइटांना बाहेर काढलं, ते सगळ्या केरळने टीव्हीवर पाहिलं.

आमच्या भागातल्या एका चर्चचंही असंच झालं. निकालानंतर धर्मग्रामातल्या, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांतल्या, बहुतेक घरांपुढे सोपा रस्ता होता. नव्या पाद्रींना मान्य करायचं, रविवारी त्याच बाकावर बसायचं, लेकरांचे बाप्तिस्मे त्याच कुंडात करायचे. उपासनेची भाषा तीच, चाली त्याच, वेदीवरचा पडदाही तोच. तरीही घरं गेली नाहीत. त्यांनी रस्त्यापलीकडे एका सभासदाच्या रबराच्या बागेत पत्र्याची शेड उभी केली. शेडसाठी वर्गणी निघाली तेव्हा एक अम्मच्ची, म्हणजे ख्रिस्ती आजीबाई, आमच्या दुकानात आल्या. पांढरा चट्टा-मुंडू (सदरा आणि धोतरासारखं वस्त्र), मागे निऱ्यांचा पंखा, आणि रुमालात कानातले दोन कुणुक्क. जुनं, भरीव सोनं. मी म्हटलं, अम्मच्ची, हे मोडू नका, गहाण ठेवा. त्या म्हणाल्या, गहाण ठेवलं तर परत आणावंसं वाटेल. टंच पाहिला, वजन त्यांच्यासमोर केलं आणि मूस भट्टीत ठेवली. लगड ओतून थंड होईपर्यंत त्या समोर बसून होत्या.

मिस्सेच्या वेळी मी त्या शेडबाहेर उभा राहिलो आहे. प्रार्थनेत अंत्युखियाच्या पॅट्रिआर्कचं नाव आलं की आतल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज चढतो. पॅट्रिआर्क राहतात सिरियातल्या दमास्कसला, यांतल्या बहुतेकांनी त्यांना कधी पाहिलेलंही नाही. कुलदैवत शंभर कोसांवर असलं तरी आपण घरचं पहिलं पान त्याच्या नावाने काढतो, तसंच हे नातं मला दिसतं. 'अंत्युखिया-मलंकरा बंधन चिरायू होवो' (मलंकरा म्हणजे केरळचं हे चर्च) ही त्यांची घोषणा मोर्च्यात ऐकली तर आक्रमक वाटेल. शेडमध्ये तिची प्रार्थना होते.

ऑर्थोडॉक्स बाजूचंही म्हणणं आहे आणि ते खोटं नाही. आपलं चर्च भारतीय आहे, त्याचा कारभार परदेशातून का चालावा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. जिथे जॅकोबाइट बहुसंख्य होते, तिथे ऑर्थोडॉक्स कुटुंबांना वर्षानुवर्षं आत पाऊल टाकता आलं नाही, त्याचंही दुःख मोठं आहे. न्यायालयात ते जिंकले आहेत. पण मूठभर घरांसाठी मोठं चर्च उघडायचं आणि त्याच्या समोर शेकडो माणसांनी पावसात शेडमध्ये उभं राहायचं, हे मला पटत नाही, कधी पटणारही नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट दफनाची. 2019 मध्ये कायंकुळमजवळच्या कट्टचिरा इथे एका वृद्ध जॅकोबाइट महिलेचं पार्थिव महिन्याहून अधिक काळ घरी ठेवावं लागलं, कारण घराण्याची कबर ज्या दफनभूमीत होती तिथे आपल्या पाद्रींसह जाता येत नव्हतं. अखेर 2020 मध्ये राज्य सरकारला आधी अध्यादेश आणि मग कायदा करावा लागला. आता घराण्याच्या कबरीत दफनाचा हक्क आहे आणि अंत्यविधी आपल्या पसंतीच्या पाद्रींकडून दुसरीकडे करून घेता येतो. त्या कायद्याने आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यांची झोप परत आणली, असं मी म्हणेन.

हाच मार्ग उपासनेसाठीही काढता येईल. धर्मग्रामातल्या प्रौढ सभासदांचं मत घेऊन बहुमताने निर्णय व्हावा, अशी केरळच्या विधी सुधारणा आयोगाची शिफारस आहे. ऑर्थोडॉक्स गटाला ती मान्य नाही. मग निदान वेळा तरी वाटून घ्याव्यात, सकाळी एकांनी, दुपारी दुसऱ्यांनी.

आमच्याच जिल्ह्यातल्या कोतमंगलमच्या चर्चमध्ये 1685 साली इराकातल्या मोसुलकडून आलेल्या मार बसेलिओस येल्दो या संतांची कबर आहे. गुरं राखणाऱ्या एका नायर माणसाने त्यांना चर्चची वाट दाखवली, असं सांगतात. ऑक्टोबरातल्या उत्सवात त्याच्या वंशातला हिंदू माणूस आजही हातात दिवा घेऊन मिरवणुकीच्या पुढे चालतो. या चर्चच्या ताब्याचा हुकूम झाला तेव्हा गावातले सगळ्या धर्मांचे लोक जॅकोबाइटांच्या पाठीशी उभे राहिले. आपला वार्ताहर इकडे आला तर त्याने न्यायालयाचे कागद जरूर पाहावेत, पण एखाद्या रविवारी सकाळी शेडमध्येही जावं. राहण्या-जेवणाची सोय आमच्या घरी आहे.

आपला,
एक गलाई व्यावसायिक, एर्नाकुलम जिल्हा
(मूळ तालुका खानापूर, जि. सांगली)