सच्या, सर्व्हर घेण्याआधी हे वाच

भोसरी,
रविवार रात्र

प्रिय सच्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी शॉपवर होतो, प्रेसच्या आवाजात धड काही ऐकू येईना, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. स्टॉक, डिस्पॅचचं बिलिंग, क्वालिटी आणि हजेरी-पगार ही चारही सॉफ्टवेअर एकाच सर्व्हरवर चालतील का आणि रॅम किती घेऊ, असं विचारत होतास ना? चालतील रे, पोस्टग्रेसला, म्हणजे या सगळ्यांचा डेटा सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, चार डेटाबेस म्हणजे काहीच नाही. पण रॅमच्या आधी एक गोष्ट ठरव, उद्या यातलं एक बिघडलं तर बाकीच्यांना हात न लावता तेवढंच मागे, म्हणजे बिघडण्याआधीच्या वेळेला, नेता येईल का?

दोन वर्षांपूर्वी आमचं सगळं एकाच इन्स्टन्समध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या एकाच चालू प्रतीत, होतं. एका मंगळवारी पावणेबाराच्या सुमारास सपोर्टला आलेल्या मुलाने स्टॉकच्या टेबलवर अपडेट मारला आणि व्हेअर, म्हणजे कुठल्या ओळी बदलायच्या ती अट, लिहायचं राहिलं, सगळ्या आयटमचा रेट एकच झाला. पोटात गोळा आला, पण धीर होता की बेस बॅकअप (सगळ्याची पूर्ण कॉपी) आहे, वॉलच्या, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदीच्या, फायली दर मिनिटाला दुसरीकडे जातायत, ११:४० ला परत जाऊ. मग लक्षात आलं की वॉल अख्ख्या इन्स्टन्सचा एकच असतो! स्टॉक मागे न्यायचा म्हणजे बिलिंग आणि पगारही मागे जाणार, आणि तोपर्यंत दोन गाड्या बिलं घेऊन गेटबाहेर पडल्या होत्या. शेवटी अकाउंट्समधला एक डेस्कटॉप रिकामा करून घेतला, सगळं त्यावर ११:४० पर्यंत रिस्टोर केलं, त्यातून ते एकच टेबल पीजी डम्पने (पोस्टग्रेसचं डेटा बाहेर काढायचं टूल) काढलं आणि आयटम कोड जुळवून फक्त रेट लाइव्हवर भरले. रात्रीचे साडेनऊ वाजले. स्टोअरचे काका तोवर वहीत हाताने इश्यू लिहीत होते, एक ओळ चुकली नाही त्यांची.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, जे एकत्रच मागे जायला हवं ते एकत्र ठेव. बिलिंग आणि स्टॉक एकमेकांवर अवलंबून, त्यांची वेळ वेगळी झाली तर हिशोब कधीच जुळणार नाही, आणि क्वालिटीची सगळी नोंद हीट नंबरवर, म्हणजे स्टॉकमधल्या धातूच्या बॅचच्या नंबरवर, म्हणून तीही त्यांच्यासोबत, एकाच इन्स्टन्समध्ये, ५४३२ पोर्टवर (पोर्ट म्हणजे सॉफ्टवेअर ज्या नंबरवर जोडलं जातं तो). हजेरी-पगाराचा यांच्याशी काही संबंध नाही, त्याला त्याच मशीनवर दुसरं इन्स्टन्स दे, ५४३३ वर. आणि टेस्ट रिस्टोरसाठी एक जुनं का होईना पण वेगळं मशीन आत्ताच बजेटमध्ये टाक, नंतर कोणी देत नाही.

आता रॅम. ६४ जीबी घे. शेअर्ड बफर्स, म्हणजे पोस्टग्रेस डेटा हाताशी ठेवायला घेतो ती रॅम, मुळात फक्त १२८ एमबी असतो, दोन्ही इन्स्टन्स मिळून साधारण पाव रॅम धरून मोठ्याला १२ आणि पगाराला ४ जीबी दे. वर्क मेमला, म्हणजे सॉर्टसारख्या कामाला मिळणाऱ्या रॅमच्या मर्यादेला, मात्र जप. तो कनेक्शनमागे नाही, प्रत्येक सॉर्टमागे लागतो, ६४ एमबी ठेवलास आणि १५० कनेक्शननी दोन-दोन सॉर्ट केले तर १९ जीबी एका झटक्यात गेले. सगळ्यांना १६ एमबी ठेव आणि फक्त रिपोर्टच्या युजरला वेगळा २५६ दे. प्रत्येक सॉफ्टवेअरचा युजरही वेगळा कर आणि त्यावर कनेक्शन लिमिट लाव, नाहीतर ११ तारखेला जीएसटीआर-१ च्या, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नच्या, गडबडीत अकाउंट्सने रिपोर्ट काढले की डिस्पॅचचं बिल अडकतं आणि गेटवर ड्रायव्हर शिव्या देत उभे राहतात.

डिस्क घेताना दुकानदार साधी एसएसडी दाखवेल, घेऊ नकोस. लाइट गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करणारी, पॉवर लॉस प्रोटेक्शनवाली हवी, कारण डेटाबेसला "लिहिलं" असं सांगून ते कॅशमध्येच ठेवणारी डिस्क असली तर यूपीएस बंद पडल्यावर काय हरवलं ते कळतही नाही. रेड १० कर, म्हणजे प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहिली जाईल, पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे हे तुझ्या साहेबांना आधीच सांगून ठेव.

अजून एक, पगाराची यादी मराठीत निघणार असेल तर. कॉम्प्युटरच्या नेहमीच्या सॉर्टिंगमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, म्हणजे काळे आधी आणि काशीद नंतर. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या पुढे. आमच्या टाइम ऑफिसमधल्या ताईंनी पहिल्याच दिवशी हे पकडलं, त्यांचं रजिस्टर बरोबर होतं आणि माझी यादी चूक. नावाच्या कॉलमला आयसीयूचं (भाषांचे नियम सांभाळणारी लायब्ररी) मराठी कोलेशन, म्हणजे अक्षरक्रमाचा नियम, दे, टेबल बनवतानाच, नंतर इंडेक्स परत बांधावे लागतात.

आम्ही गुरुवारी सुट्टी असते तेव्हा महिन्यातून एकदा पूर्ण रिस्टोर करून बघतो आणि शेवटचं बिल सापडतं का ते तपासतो. पुढच्या महिन्यात त्यासाठी तू इकडेच ये, समोर बसून एकदा तुझ्या हाताने कर. येताना चारही सॉफ्टवेअरची कागदावर यादी आण, कोण कधी किती वापरतं एवढं लिहिलंस तरी पुरे, कोटेशन त्यानंतरच मागव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अव्या