शनिवारी येत नाही, त्याबद्दल

पुणे, बुधवार, रात्र

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

फोनवर हा विषय काढला की आई "जेवलीस का" वर येते आणि बाबा फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहायला बसले. बाबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचावं. आई, तू मध्ये थांबवू नकोस.

पुढच्या महिन्यापासून शनिवारी मी नगरला येणार नाही. येरवड्याच्या महिला कारागृहात शनिवारी दुपारी बायबलचा वर्ग असतो, तो आता माझ्याकडे आलाय आणि मी हो म्हटलंय. गेलं दीड वर्ष मी महिन्यातून एकदा तिथे सोबतीण म्हणून जात होते. त्या शनिवारी "मंडळीची सभा आहे" असं तुम्हाला सांगायचे. ते खोटं होतं. तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून बोलले, पण खोटं ते खोटंच. माफी मागते.

आई, तुरुंग म्हटलं की तुला सदूमामा आठवणार, म्हणूनही मी गप्प राहिले. तेव्हा कोण गेलं, कोण नाही गेलं, हा हिशेब मी काढत नाहीये. आम्ही दोघं तुझ्या पदरात, आजोबांची ती अवस्था, तू कशी जाणार होतीस?

आधी तुझ्या भीतीबद्दल. आत आम्ही नेहमी दोघी जातो, एकटीने वर्ग घ्यायचाच नाही असा आमचा नेम आहे. झडती घेणाऱ्या, बराकीतून बायकांना घेऊन येणाऱ्या, दाराशी उभ्या राहणाऱ्या सगळ्या महिला शिपाई. मी दाराच्या बाजूला बसते, पाठ भिंतीला. खोकला झालेली कुणी असेल तर वर्ग व्हरांड्यात, मोकळ्या हवेत. दाटीच्या जागेत खरूज आणि क्षय दोन्ही पसरतात, म्हणून घरी आले की आधी आंघोळ आणि कपडे बादलीत. जेवूनच निघते, कारण आत डबा नेत नाहीत. पोळी-भाजी, कधी वरण-भात. उपाशी जात नाही, देवाशपथ. आणि दिवेलागणीच्या आत घरी असते, कारण संध्याकाळच्या मोजणीच्या बऱ्याच आधी बाहेरच्या माणसाला निघावंच लागतं.

बाबा विचारतील, एखादा शनिवार बदलून घेता येत नाही का? नाही येत. त्याचं कारण नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मला घर नकोसं झालंय.

परवानगीच्या पत्रात नाव, वार आणि वेळ लिहिलेली असते. त्यासाठी अर्ज, आधारची प्रत, फोटो, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, एवढं सगळं होतं. पत्रात नसलेलं माणूस आत जात नाही आणि पत्रात नसलेला वार चालत नाही. मी गेले नाही तर सोबतीण एकटी जाणार नाही, म्हणजे वर्गच बुडाला. पण हे झालं कागदाचं. खरं कारण वेगळं आहे. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांमागे साधारण तीन न्यायाधीन असतात, खटला अजून चालूच असलेले. त्यांच्या आयुष्यात 'तारीख' म्हणजे कोर्टाची तारीख, आणि ती पुढे जाते. वकील येतो म्हणतो आणि येत नाही. घरचे मुलाखतीला, म्हणजे भेटायला, येतो म्हणतात आणि गाडीभाड्याला पैसे नसतात. अशा ठिकाणी "पुढच्या शनिवारी येते" असं बोलले की ते पाळलंच पाहिजे. एकदा चुकलं तर बायका काही म्हणत नाहीत. पुढच्या वेळी फक्त कमी जणी येतात, आणि ती संख्या पुन्हा भरायला महिने जातात. धडा थोडा फसला तर चालतो, वार चुकलेला चालत नाही.

बाबा, तुम्ही शिक्षक आहात, म्हणून वर्ग कसा चालतो ते तुमच्यासाठी सविस्तर लिहिते.

कागदावर वेळ दीड तास. फाटकावरची नोंद, झडती, पुस्तकांची तपासणी, बायकांना नावं पुकारून आणणं, यात अर्धा तास जातो. धडा चाळीस मिनिटांचाच बेतायचा. साठ मिनिटांचा बेतला की शेवट गुंडाळावा लागतो, आणि सांत्वनाचा भाग नेमका शेवटी असतो.

फोन, घड्याळ, पाकीट, किल्ल्या सगळं बाहेर ठेवायचं. खाकी रंगाचं काही अंगावर घालायचं नाही. पुस्तकं कागदी बांधणीची, शिलाईची किंवा डिंकाची. तारेच्या वह्या नाहीत आणि स्टेपलच्या पिना आदल्या रात्री घरीच काढायच्या, कारण पिन घासून टोकदार करता येते आणि ती सगळ्यात आधी स्वतःच्याच मनगटावर चालते. पानांत खूण म्हणूनसुद्धा चिठ्ठी ठेवायची नाही. तपासणीत एक चिठ्ठी निघाली की सगळा गठ्ठा बाहेर राहतो.

बारा ते पंधरा जणी, सतरंजीवर, गोल. आधी एक गायन, टाळ्यांवर, पाच मिनिटं. मग उतारा तीनदा. पहिल्यांदा मी सावकाश वाचते. दुसऱ्यांदा त्यांच्यातली वाचता येणारी एखादी वाचते. तिसऱ्यांदा पुस्तक मिटून, ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आपल्या शब्दांत सांगायचं. हा तिसरा फेरा कधी गाळायचा नाही. तो गाळला की वर्ग वाचता येणाऱ्या चौघींचा होतो आणि बाकीच्या पाठीमागे झोपतात. मराठी मी सोप्यातली घेते. जुन्या भाषांतराचं वळण आपल्या कानाला गोड लागतं, पण ज्या बाईने कधी उपासना ऐकलीच नाही तिला 'तारण', म्हणजे उद्धार, आणि 'तारण ठेवलेले दागिने' यांत गोंधळ होतो. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर 1924 साली छापून निघालं, त्यामागची कळकळ हीच होती की साध्या बाईला कळावं. मला ती कळकळ आता कळतेय.

सगळ्यात मोठी चूक नवीन शिकवणारे कोणती करतात, सांगू? मालिका लावतात. बारा आठवडे, मार्काचं शुभवर्तमान, अध्याय एक ते सोळा. इथे दर आठवड्याला चेहरे बदलतात. कुणी जामिनावर सुटते, कुणाची दुसऱ्या तुरुंगात बदली होते, कुणी त्या दिवशी कोर्टात असते. म्हणून प्रत्येक धडा त्याच बैठकीत सुरू होऊन त्याच बैठकीत संपला पाहिजे. "उरलेलं पुढच्या वेळी" म्हटलं की कुणाला तरी तो उरलेला भाग आयुष्यात ऐकायला मिळत नाही.

म्हणून मला बायबलातलं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र प्रिय आहे. पंचवीस वचनं, एका बसण्यात पुरं. लिहिणारा प्रेषित पौल स्वतः बेड्यांत, आणि लिहितोय पळून आलेल्या दासासाठी, त्याच्याच धन्याला. त्या दासाचं नाव अनेसिम, आणि नावाचा अर्थच उपयोगी. पौल म्हणतो, पूर्वी हा तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मलाही उपयोगाचा आहे. मग अठरावं वचन: त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं असेल, तर ते माझ्या नावावर मांड. तिथे मी थांबते. प्रश्न एवढाच विचारते, "तुमच्या नावावरचं देणं कुणी आपल्या नावावर मांडून घेतलंय का?" उत्तराची घाई करायची नाही. दोन मिनिटं शांतता झाली तरी चालेल. सोबतीणही बोलत नाही. त्या दोन मिनिटांत बायकांच्या चेहऱ्यांवर जे येतं, त्यासाठीच तो धडा असतो.

काही उतारे मात्र जपून उघडायचे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गातात, भूकंप होतो, दारं उघडतात. इथे थांबलं तर वर्गाने ऐकलेलं असतं, प्रार्थना करा, दार उघडेल. आणि सोमवारी जामीन फेटाळला की दोष देवाचा किंवा तिच्या विश्वासाचा. म्हणून अठ्ठाविसाव्या वचनापर्यंत जायचंच, जिथे पौल ओरडतो की आम्ही सगळे इथेच आहोत, आणि कैदी पळाले समजून जीव द्यायला निघालेल्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा जीव वाचतो. तोच अधिकारी मग त्यांच्या जखमा धुतो. सदतिसावंही सोडायचं नाही, चौकशी न करता आम्हाला उघडपणे मारलं, हे पौल ठणकावून सांगतो. न्यायाधीन बाई ते वाक्य दोनदा वाचायला लावते.

उधळ्या मुलाची गोष्ट मी लवकर घेत नाही. जिला वर्षभर मुलाखत नाही तिला "बाप धावत आला" हे ऐकवणं सोपं नाही. त्याआधी तेरावं स्तोत्र घेते. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोन वचनांत "कुठवर" हा प्रश्न चार वेळा. तो प्रश्न देवाला विचारलेला चालतो, एवढं कळलं तरी पुष्कळ. व्यभिचारात धरलेल्या बाईचा उतारा वाचला की हमखास कुणीतरी विचारतं, "तो पुरुष कुठे होता?" त्याला बगल द्यायची नाही. नियमशास्त्रात शिक्षा दोघांना होती आणि आणली एकटी बाईच, हे स्पष्ट म्हणायचं. आणि हागार, अब्राहामाने पोरासकट घालवून दिलेली दासी. आईपाशी सहा वर्षांपर्यंतचं मूल आत राहू शकतं, त्यामुळे वर्गात दोन-तीन लेकरं मांडीवर असतात. हागारच्या मसकातलं पाणी संपलं, तिने पोराला झुडपाखाली ठेवलं आणि त्याचं मरण बघायला नको म्हणून लांब जाऊन बसली, तिथे त्या आया पोरांना जवळ ओढतात. त्या दिवशी देव तिला विहीर दाखवतो तिथपर्यंत वेळ पुरलीच पाहिजे. घड्याळ जवळ नसतं, म्हणून सोबतीण भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवते.

आता नियम, म्हणजे आईला झोप लागेल. कोणत्या गुन्ह्यात आलीस, हे कधीच विचारायचं नाही. खटला चालू असताना चारचौघींत निघालेला शब्द तिच्यावरच उलटू शकतो. चिठ्ठी, निरोप, फोन नंबर, पैसे, काहीही आत-बाहेर न्यायचं नाही. "ताई, माझ्या लेकीला एवढंच सांगा" हे ऐकून नाही म्हणणं फार जड जातं. पण पहिला निरोप लेकीचा असतो, तिसरा कुणाचा असेल सांगता येत नाही, आणि एका चिठ्ठीने पंधरा जणींचा वर्ग बंद होतो. तिला अधिकाऱ्यांमार्फत पत्र कसं पाठवायचं ते मी सांगते. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायला सांगते. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना आणि कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मागता येतो. सुटशील असं वचन कधीच द्यायचं नाही. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली तर ती गोष्ट माझ्यापाशी राहणार नाही, अधिकाऱ्यांना सांगेन, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं. वर्गात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्या येतात, आपल्या मर्जीने. धर्म बदलण्याचा विषय काढायचा नाही. खाऊसुद्धा न्यायचा नाही, नाताळातसुद्धा नाही. खाऊ आला की वचनासाठी कोण आलं आणि करंजीसाठी कोण, हे आपल्यालाही कळत नाही आणि तिलाही.

बाबा, 24 सप्टेंबर 1932 चा गांधी-आंबेडकरांचा पुणे करार त्याच येरवड्यात झाला, हे तुम्ही मला पाचवीत असताना अंगणात बसवून सांगितलं होतं. मी पेंगत होते. तुम्ही माझ्या अंगावर गोधडी घालून पुढे सांगत राहिलात. वर्गात एखादी पेंगली की मी तिला उठवत नाही, ते तुमच्याकडून आलंय.

आता तुमचं. मी रविवारी उपासना झाली की दुपारची एस.टी. धरणार. वाघोलीची कोंडी धरूनही अंधार पडेपर्यंत घरी. सोमवार माझा सुट्टीचा, मंगळवारी पहाटे परत. म्हणजे आधी एक रात्र मिळायची, आता दोन. शिवाय सोमवारी दवाखाने उघडे असतात. शनिवारी दुपारी डॉक्टर कुठे भेटायचे? बाबांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर मी सोमवारचाच लावलाय.

बाबा, रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. बरं वाटतंय ते गोळीमुळे. पाकिटावर पेनाने वार लिहा. आई, साखर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, दोन्ही वेळा तपासायची, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी गोड सोडून काकडी खात बसायचं नाही, डॉक्टर फसतात आणि तूही फसतेस. न्हाणीघरात रबराची चटई टाकली का? नसेल टाकली तर हे पत्र बाजूला ठेवून आत्ता टाका. रात्री छातीत दुखलं तर मला फोन नंतर, आधी 108. आणि शनिवारी दुपारी माझा फोन बंद लागेल. चारनंतर मीच करेन, रोजच्यासारखी "जेवलीस का" ची वाट बघत.

आई, एकच गोष्ट आणखी. "मी बंदिशाळेत होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात," हे आजी किती वेळा म्हणायची. परवा धडा तयार करताना लक्षात आलं, येशू 'मी विनाकारण बंदिशाळेत होतो' असं म्हणतच नाही. निर्दोष की दोषी, काहीच सांगत नाही. मामाचं काय खरं होतं ते आपल्याला कळलं नाही, आणि आता कळणारही नाही. पण तुला त्याच्याबद्दल कधी बोलावंसं वाटलं तर सोमवारी दुपारी मी मोकळी असते.

आजी बायबलबाई म्हणून वाडीवस्तीवर बायबल सांगायला जाताना जी कापडी पिशवी न्यायची, ती मला हवीय. तिला ना चेन ना धातूचं बटण, नुसते बंद, तपासणीत अडकणार नाही. ती माळ्यावर, पितळी डब्याच्या मागे आहे. तू स्टुलावर चढू नकोस, बाबांनाही चढू देऊ नकोस. रविवारी मीच काढते. डावा बंद उसवलाय बहुतेक. जाड दोरा तेवढा काढून ठेव, सुईत मी ओवून देईन, टाके तू घाल.

तुमची लाडकी,
बेबी