केंद्रनिहाय मतांचा तक्ता म्हणजे ‘डेटा एन्ट्री’ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवतो. आमच्या भागातल्या विधानसभा मतदारसंघांचे ‘नमुना 20’, म्हणजे मतदान केंद्रनिहाय निकालपत्रं, जमवून त्यांची संगणकीय नोंद करण्याचं काम मी सहा वर्षं करतो आहे. स्थाननिश्चितीच्या, म्हणजे पदोन्नतीच्या तपासणीच्या वेळी ते फाइलला जोडलं. समितीतल्या विषयतज्ज्ञांनी पानं उलटली आणि म्हणाले, “सर, ही डेटा एन्ट्री झाली. पेपर कुठे आहेत?” त्या कामाला शून्य गुण मिळाले. पदोन्नती आज ना उद्या होईल, पण ‘डेटा एन्ट्री’ हा शब्द मनातून जात नाही.

हे काम नेमकं काय असतं ते सांगतो. निकालपत्रं बहुतेक वेळा स्कॅन केलेली, तिरपी, कुठे शिक्क्याखाली आकडा झाकलेला. काही जुनी कागदपत्रं युनिकोडमध्ये नाहीत, मजकूर उचलला की नुसती चिन्हं उमटतात. एकच उमेदवार एका वर्षी ‘अप्पासाहेब’, पुढच्या वेळी ‘आप्पासाहेब’. हे सगळं चिकाटीनं निस्तरता येतं. खरी कसोटी पुढे आहे. मतदार वाढले की केंद्र दुभंगतं, क्रमांक सरकतात, वस्ती दुसऱ्या शाळेला जोडली जाते. मग 2014 चं अमुक केंद्र 2019 मध्ये कोणतं आणि 2024 मध्ये कोणतं, हे मतदार यादीचे भाग पाहून आणि गावात विचारून ठरवावं लागतं. तो प्रत्येक निर्णय राज्यशास्त्राचा आहे. गावातली कोणती वस्ती कुणाची, हे ठाऊक नसलेल्या माणसाला तो घेता येत नाही.

आणि ते कशासाठी? 2014 ची विधानसभा निवडणूक 15 ऑक्टोबरला झाली, 2019 ची 21 ऑक्टोबरला. 2024 ला मतदान 20 नोव्हेंबरला होतं, आणि उसाचा गाळप हंगाम 15 नोव्हेंबरपासून. ऊसतोडीसाठी कोयता घेऊन निघालेल्या आमच्या तांड्यांवरचं मतदान त्या आठवड्यात किती घटलं? मतदारसंघाच्या एकूण आकड्यात हा प्रश्न दिसतच नाही. तो केंद्राच्या ओळीत दिसतो, आणि तीही मागच्या निवडणुकांशी जुळवलेली असेल तरच.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीतला गुणतक्ता पाहा. मानव्यविद्यांतल्या शोधनिबंधाला 10 गुण, चार क्रेडिटच्या संपूर्ण ‘मूक’ (MOOC, म्हणजे सर्वांसाठी खुल्या ऑनलाइन) अभ्यासक्रमाला 20, राष्ट्रीय पेटंटला 7. धोरणपत्रालाही गुण आहेत. संशोधनासाठी उभारलेल्या माहितीसंचाला किंवा संगणकीय साधनाला मात्र त्यात स्वतंत्र ओळ नाही. जानेवारी 2025 च्या मसुद्यात गुणांऐवजी ‘उल्लेखनीय योगदान’ मोजण्याची कल्पना आली, त्यात डिजिटल अध्यापन सामग्री होती. पण शिकवण्याची सामग्री वेगळी आणि संशोधनाचा पाया वेगळा, हा फरक तिथेही झाला नाही.

अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेत माहिती तंत्रज्ञान आणि राजकारण या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्याच तौलनिक राजकारणाच्या विभागाचा माहितीसंचासाठी वेगळा पुरस्कार आहे. राज्यशास्त्रीय संशोधनपद्धतींचं काम करणारी तिथली संस्था सॉफ्टवेअरसाठी पुरस्कार देते. हे पुरस्कार पैशासाठी मोलाचे नाहीत. निवड समितीपुढे बसलेल्या तरुण अभ्यासकाला ‘माझं काम माझ्या विषयाच्या लोकांनी तपासलं आहे’ असं सांगता येतं, ते मोलाचं.

आपल्याकडे काम होत नाही असं मुळीच नाही. अशोका विद्यापीठातल्या त्रिवेदी केंद्राने निवडणूक निकाल शोधता येतील अशा रूपात सर्वांसाठी खुले केले. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं मतदाराला वाचता येतील अशी मांडण्याचं काम ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ (एडीआर) या संस्थेने केलं. मार्च 2024 मध्ये पक्षांना देणगी देण्यासाठीच्या निवडणूक रोख्यांचे खरेदीदार एका यादीत आणि पक्ष दुसऱ्या यादीत असे प्रसिद्ध झाले. पुढे रोख्यांचे क्रमांक आले आणि दोन्ही याद्या जुळवल्यावरच कोणी कोणाला दिले ते देशाला कळलं. पक्षनिधी आपण पदवीच्या वर्गात शिकवतो. तो उलगडणारी ही जुळणी एखाद्या प्राध्यापकाने केली असती, तर आजच्या तक्त्यात तिला कोणत्या रकान्यात बसवलं असतं?

सरसकट गुण वाटा, असं मी म्हणत नाही. तसं झालं तर उद्या कुणीही निकालाची फाइल उतरवून घेईल आणि आपली म्हणून जोडेल. म्हणून तपासणी कडक हवी. माहितीसंच सर्वांना खुला असावा. तो कसा केला, शंकास्पद नोंदी कशा सोडवल्या, याची टिपणवही सोबत असावी. दोन बाहेरच्या तज्ज्ञांनी काही केंद्रं मूळ कागदाशी ताडून पाहावीत. एवढं पार पडलं, तर त्याला शोधनिबंधाइतके गुण द्यावेत. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाला पीएच.डी.च्या मार्गदर्शक सूचनांत याची सुरुवात करता येईल. राज्यशास्त्राच्या परिषदेला वार्षिक अधिवेशनात निबंधांच्या पारितोषिकांसोबत एक पारितोषिक अशा कामाला ठेवता येईल, त्यासाठी आयोगाच्या नियमाची वाट पाहण्याचं कारण नाही.

माझ्याकडचा तक्ता ज्या कुणाला वापरायचा असेल त्याला मी टिपणवहीसकट देईन. चुका सापडल्या तर जरूर कळवाव्यात, त्या दुरुस्त करायच्या आहेत.

आपला,
राज्यशास्त्राचा एक प्राध्यापक, जि. बीड